सुगंधाबाईंचा गिअरबॉक्स

“गाडी कोण चालवतं?”

टायवाल्या साहेबांनी हे गिरधरशेठना विचारलं. सुगंधाबाई शेजारच्याच खुर्चीवर बसल्या होत्या, पण त्यांना विचारावं असं साहेबांच्या मनातही आलं नाही. तिघांच्या मध्ये, धुळ्याच्या त्या शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर, गोणपाटात गुंडाळलेला गिअरबॉक्स पडला होता. जळगावहून एसटीच्या टपावर बसून आलेला. त्यातून झिरपणारा तेलाचा डाग पसरत चालला होता आणि साहेब आपले बूट हळूहळू मागे घेत होते.

“ही,” गिरधरशेठ म्हणाले आणि त्यांनी अंगठ्याने बायकोकडे खूण केली. शिपायाला चोर दाखवावा तशी.

“अच्छा!” साहेबांचा चेहरा एकदम खुलला. “मग बरोबर आहे! शेठ, हे आधी नाही का सांगायचं? अहो, लेडीजचा हात. गिअर टाकतात की पोळी लाटतात, कळत नाही. आमची राजहंस म्हणजे नाजूक काम. तिला पुरुषाचाच हात पाहिजे.”

नाजूक कामाला पुरुषाचा हात लागतो, हे सुगंधाबाईंनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी साहेबांच्या हातांकडे पाहिलं. गुबगुबीत, एका बोटात पुष्कराज, नखांत मळाचा कण नाही. या हातांनी आयुष्यात पेनाच्या टोपणापलीकडे काही उघडलं नसावं. पण माणूस कंपनीचा होता, खास मुंबईहून आला होता आणि धुळ्याच्या मे महिन्यात गळ्यात टाय बांधून बसला होता. गिरधरशेठच्या लेखी तेवढं पुरेसं होतं. ते मान डोलावत होते.

“पहिल्यांदा मोडला तेव्हा तुमच्याच माणसांनी दुरुस्त केला,” सुगंधाबाई म्हणाल्या. “दिवाळीच्या आधी. आणि आता परत—”

“शेठ,” साहेब शेठकडेच बघत म्हणाले, “वादात पडू नका. चूक कोणाची ते आम्हाला कळलं, तुम्हालाही कळलं. तरी कंपनीचं मन मोठं आहे. हा ठेवून जा. कारखान्यातून कोरा करकरीत नवा येईल. पण शब्द द्या, की बाई गाडीला हात लावणार नाहीत.”

“दिला,” गिरधरशेठ म्हणाले. बायकोकडे बघायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, हे ठीक आहे. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि बोल नाचणारीला लागत होता. सुगंधाबाई उठल्या, पदर सावरला आणि चहाला न थांबता बाहेर येऊन उन्हात उभ्या राहिल्या.

त्यांचा हात कसा होता ते साऱ्या जळगावला ठाऊक होतं. गिरधर कासारांचं भांड्यांचं दुकान सराफ बाजारामागच्या गल्लीत. विकायचं काम शेठचं, भांड्यांवर नाव टाकायचं काम सुगंधाबाईंचं. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी हातात छिन्नी-हातोडी दिली होती. पुढे विजेचं मशीन आलं. ते हातात घेतलं की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, पण अक्षर कसं ओळीत बसायचं. तांबं असो, पितळ असो की स्टील, एकदा चुकलेली वेलांटी पुसता येत नाही. त्यामुळे त्यांचा हात थरथरायला शिकलाच नव्हता. नशिराबादपासून पारोळ्यापर्यंत असं घर विरळंच, जिथल्या मांडणीत सुगंधाबाईंच्या हातचं एखादं नाव नाही.

आणि बाईचं नाव दुसरीकडे लागतं तरी कुठे? घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, दुकानाच्या पाटीवर तर कधीचे वारलेले आजेसासरे. बाईचं नाव तांब्यावर आणि ताटावर. तेही आहेर करणाऱ्याच्या नावातून जागा उरली तर.

गाडी शेठनीच घेतली होती. सराफ बाजारातल्या एकाने घेतली म्हणून. पांढरी राजहंस दारात आली, बायकांनी ओवाळली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. शेठ चाकामागे बसले आणि पन्नास पावलांवर एका हातगाडीत घुसले. केळी रस्ताभर झाली. हातगाडीवाल्याने अशा काही शिव्या घातल्या की शेठनी त्या दिवसापासून चाकाला हात लावला नाही. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. हार वाळून गळून पडला. शेठ रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायचे आणि आलेल्यागेलेल्याला दाखवायचे.

नेरी नाक्यावर कय्युमचं गॅरेज होतं. गाडी शिकवायचा धंदाही तो करी. बॅटरी उतरली म्हणून तो एकदा घरी आला आणि सहज म्हणाला, “अक्का, ये ऐसीच खडी रहेगी तो सड जाएगी. तुम सीख लो ना.” तो चेष्टेतच बोलला होता. सुगंधाबाईंनी ते खरं धरलं.

त्या शिकल्या रविवारी सकाळी. टीव्हीवर देवांची ती मालिका सुरू झाली की अख्खं गाव पडद्यासमोर हात जोडून बसायचं. रस्त्यावर काळं कुत्रं दिसायचं नाही. शेठही तिकडेच. तेवढ्या वेळात सुगंधाबाई मोकळ्या रस्त्याने बांभोरीच्या पुलापर्यंत जाऊन यायच्या. पंचेचाळिशी उलटलेली बाई, नऊवारीचा काष्टा, डोक्यावर पदर आणि डाव्या हातात गिअरची मूठ. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा पडला की खालून येणारा आवाज हलका व्हायचा, खिडकीतून गिरणेचा वारा यायचा आणि त्यांना वाटायचं, आपण आजवर कुठे होतो? त्यांना इतका आनंद दुसऱ्या कशाचाच झाला नव्हता. मुलं झाली तेव्हासुद्धा इतका नाही, आणि हे त्या कोणापाशी बोलणार नव्हत्या.

लायसन मिळालं. मग बाजारहाट, लग्नाच्या भांड्यांची पोच, नात्यातलं येणं-जाणं, सगळं त्या गाडीने करू लागल्या. शेठ शेजारी बसत. उतरून दार उघडत, सामान काढत, गाडी मागे घेताना “आने दो, आने दो” म्हणत. गावाला तेवढंच हवं होतं. चौकातल्या पानवाल्याने नाव ठेवलं: गिरधर क्लीनर. समोर कोणी म्हणत नसे. पण पाठीमागे म्हटलेलं माणसाला आधी ऐकू येतं.

पुढे राजहंसने रंग दाखवले. तिसरा गिअर टाकला की आपोआप सुटायचा. मग एक दिवस भर चढावर आतून खडाड्‌ असा आवाज आला आणि गाडी उभी. धुळ्याला नेली, दुरुस्त झाली. वैशाखात बांभोरीच्या पुलावर पुन्हा तेच. मागे ट्रकांची रांग, भोंगे आणि शेठ खाली मान घालून गाडी ढकलताहेत. या वेळी कय्युमने गिअरबॉक्स खाली उतरवला. तो धुळ्याला द्यायचा होता, तिथून पुढे कंपनीकडे.

निघायच्या आदल्या दिवशी सुगंधाबाई दुकानातलं मशीन घेऊन गॅरेजवर गेल्या. बॉक्सच्या पोटाकडची बाजू पुसली आणि घर्र घर्र करून नाव टाकलं: सौ. सुगंधाबाई गिरधर कासार, जळगाव.

बायकोला वेड लागलं की काय, असं शेठना वाटलं. “याडी व्हयनी का तू?”

“घरनं भांडं परका दारले चालनं,” त्या म्हणाल्या. “नाव नको का टाकाले?”

यात काही डाव नव्हता. लग्नाघरी पातेली द्यायची, सार्वजनिक जेवणाला घंगाळं द्यायची, तर नाव टाकूनच. नाहीतर आपलं जातं आणि दुसऱ्याचं चेपलेलं घरात येतं. ही त्यांच्या हाताची रीतच होती. कुठल्या गावच्या कुठल्या बाईला ही गोष्ट सांगावी लागली नसती. कंपनीच्या साहेबांच्या मात्र सात पिढ्यांत कोणी भांडं उसनं दिलं नसावं.

तर तो कोरा करकरीत नवा गिअरबॉक्स आला. लाकडी खोक्यातून, गवतात बसून, चांदीसारखा चमकत. डीलरचा माणूस धुळ्याहून आला आणि बसवून गेला. कय्युमला त्याने जवळही फिरकू दिलं नाही. “कंपनीचा माल आहे, बाहेरच्या हाताला वॉरंटी नाही,” म्हणाला.

शेठनी शब्द पाळला. आयुष्यात त्यांनी बायकोला दिलेले शब्द कुठे गेले याचा पत्ता नव्हता, पण टायवाल्याला दिलेला शब्द त्यांनी तळहातावरच्या फोडासारखा जपला.

“मी पितांबरले सांगेल शे,” ते म्हणाले. “आते तू मांगे बस.”

पितांबर नशिराबादचा. ट्रकवर होता, तिथून का सुटला ते कोणी विचारलं नाही. तो तंबाखू मळत गाडी चालवायचा आणि डावा हात गिअरवर उताणा टाकून ठेवायचा, मांजरीच्या पाठीवर ठेवावा तसा. सुगंधाबाई मागच्या सीटवर बसायच्या. मागे बसलं की रस्ता दिसत नाही, माणसांची डोकीच मागून दिसतात. एक तेल लावलेलं, एक टक्कल पडलेलं. गिअर बदलायची वेळ झाली की त्यांना आवाजावरून कळायचं. पितांबरला कळायचं नाही. त्यांचा जीव कासावीस व्हायचा. एकदा न राहवून म्हणाल्या, “तिसरा टाक रे.” शेठ मागे वळून बघायला लागले, म्हणून मग गप्प बसल्या. अपमान गिळायची त्यांना सवय होती. पण चालत्या गाडीत बसून गिळलेला अपमान घशातच अडकायचा.

श्रावणात शिंदखेड्याच्या एका सप्ताहाच्या पंगतीची भांडी पोचवायला निघाले. पारोळ्याच्या अलीकडे पितांबरने तिसरा टाकला, तो सुटला. परत टाकला आणि खडाड्‌. तोच आवाज. सुगंधाबाईंनी डोळे मिटले. खरं सांगायचं तर त्यांना वाईट वाटलंच नाही. उलट गंमतच वाटली. आता बोला म्हणावं, आता हात कोणाचा?

पितांबर खाली उतरला. बॉनेट उघडून उगाच दोन-चार ठिकाणी हात लावला आणि थुंकला.

“काय व्हयनं?” शेठनी विचारलं.

“काय व्हई, शेठ? गाडीले बाईना हातनी सवय लागेल शे. आते ती माणूसना हात मानस नही.”

आणि गिरधरशेठनी मान डोलावली! नवा गिअरबॉक्स, त्याला सुगंधाबाईंचं बोट लागलेलं नाही, तरी दोष त्यांच्या हाताचा. त्या मूर्खपणावर हसावं की रडावं हे न कळून सुगंधाबाई रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसल्या. भांडी बैलगाडीत चढेपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. जळगावात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. नणंद मुद्दाम घरी येऊन म्हणाली, “वहिनी, बाईमाणसाचा पायगुण असतो, तसा हातगुणही असतो हो.” सुगंधाबाईंनी तिला चहा दिला. त्यात साखर घातली नाही.

गिअरबॉक्स पुन्हा कय्युमच्या गॅरेजवर उतरला. पुन्हा धुळ्याला न्यायचा होता. सुगंधाबाई पुन्हा मशीन घेऊन गेल्या. नवं भांडं, पहिल्यांदा दाराबाहेर चाललेलं. नाव टाकलंच पाहिजे.

“अक्का, रहने दो,” कय्युम म्हणाला. “किती वेळा नाव टाकणार? हे भांडं थोडंच आहे?”

त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि पोटाकडची बाजू घासायला सुरुवात केली. वरचा चंदेरी रंग साबणाच्या फेसासारखा सुटला. बोळा काळा झाला. त्यांनी दुसरा घेतला. रंगाखालून आधी एक वेलांटी वर आली. मग ‘ळ’. मग ‘जळगाव’ अख्खं.

सुगंधाबाईंचा हात थांबला. आपलं अक्षर माणसाला ओळखावं लागत नाही. सौ. सुगंधाबाई गिरधर कासार, जळगाव. तोच बॉक्स. तेच फुटकं पोट, आतून कसंतरी सांधलेलं आणि वरून चांदीचा मुलामा दिलेलं. लग्नाघरून चेपलेलं पातेलं यावं आणि यजमानीणबाईंनी म्हणावं, घ्या हो, नवं आणलंय, तसं.

“या अल्ला,” कय्युम म्हणाला आणि खाली उकिडवा बसला. “इसीको ठोक-ठाकके, रंग मारके भेजा?”

त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसताना रॉकेलचा हात गालाला लागला. इतके महिने त्या स्वतःच्या हाताकडे चोरून बघत होत्या. रात्री अंधारात मूठ वळून बघायच्या, खरंच काही खोट आहे का. या लबाडांनी त्यांना इतकं खाली आणलं होतं.

धुळ्याला या वेळी साहेब तयारीने बसले होते. टाय तोच.

“काय शेठ, ड्रायव्हर ठेवला ना?”

“ठेवला.”

“मग?”

“मोडला परत.”

“ड्रायव्हर कुठला? ट्रकचा? मग काय विचारता!” साहेबांनी कपाळावर हात मारला. “ट्रकवाल्यांचा हात जड. आमची राजहंस म्हणजे नाजूक काम, तिला हात कसा हलका पाहिजे.”

“मग पोळी लाटणाराच चालला असता की,” सुगंधाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि गोणपाट सोडलं. बॉक्स उलटा केला. नाव वर आलं. शोरूममध्ये गाडी बघायला आलेलं सोनगीरचं एक कुटुंब होतं, ते जरा जवळ सरकलं.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“वाचा.”

साहेबांनी वाचलं नाही. डीलर जीवरामशेठ गल्ल्यावरून उठून आले. म्हातारे गृहस्थ, डोळ्यांवर चष्मा चढवून वाकले आणि मोठ्याने वाचलं. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं. “अहो, हे अक्षर तर माझ्या घरी आहे! मुलीच्या लग्नातल्या समईवर. तुम्हीच टाकलं होतं ना, ताई?”

“मीच. आणि यावरही मीच. वैशाखात, तुमच्याकडे दिला त्याच्या आदल्या दिवशी.”

“आज टाकलं असेल,” साहेब म्हणाले. “शेठ, हे असले प्रकार—”

जीवरामशेठनी नखाने ‘सु’च्या खाचेतून चंदेरी रंगाचा एक कपटा काढला आणि बोटावर धरला. “साहेब, रंग अक्षराच्या वर बसलाय,” ते हळूच म्हणाले. कोणाला वाटावं, सत्याची चाड असलेला माणूस. पण लगेच त्यांनी सोनगीरच्या मंडळींना थंड पाणी पाजण्याच्या निमित्ताने बाहेर काढलं आणि काचेचं दार लावून घेतलं. सत्य आपल्या जागी, गिऱ्हाईक आपल्या जागी.

दार लागताच साहेब बदलले. आवाजात मध आला. सुगंधाबाईंची एकदम काकू झाली. काकू, चहा घेणार का? काकू, पंख्याखाली बसा ना. कारखान्यात खालच्या लोकांकडून गडबड होते, साहेबलोकांना काय माहीत? कंपनी गाडीच परत घेईल, एक पैसा कापणार नाही. फक्त ही गोष्ट जळगावात, वर्तमानपत्रात, कुठे जाऊ नये.

“मंजूर,” गिरधरशेठ म्हणाले. पुन्हा तसंच. बायकोकडे न बघता.

सुगंधाबाई थक्क झाल्या. गाडी परत? गाडी परत कोणी मागितली होती? त्यांना एक धड गिअरबॉक्स हवा होता आणि एक वाक्य.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “गाडीचं मग बघू. आधी एवढं बोला. यांच्यासमोर बोला. बाईच्या हाताचा दोष नव्हता.”

साहेबांनी हसून मान हलवली. “जाऊ द्या ना काकू. आता कशाला ते?”

“मागच्या वेळी बोलला होतात की. तेव्हा बरं तोंड उघडलं?”

“गाडी घेतोय ना आम्ही परत? मग अजून काय पाहिजे?”

सुगंधाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना त्या माणसाची कीव आली नाही, रागही आला नाही. शिळ्या भाताला आलेल्या बुरशीकडे बघावं तसं त्या बघत राहिल्या. हा अख्खी गाडी उचलून देईल, पण तोंडातून एक ओळ काढणार नाही. मोठ्या लोकांना चूक कबूल करण्यापेक्षा गाडी देणं स्वस्त पडतं.

“हा मी घेऊन जाते,” त्या गिअरबॉक्सकडे बोट दाखवून म्हणाल्या.

“तो कंपनीचा आहे.”

“नाव कोणाचं आहे?”

जीवरामशेठ खोकले. शेवटी ठरलं, गाडी जमा करा आणि तो घेऊन जा. बिघडलेली राजहंस दोरीने ओढत भर आग्रा रोडवरून आणली तर शोभा होईल, म्हणून कंपनीने एक गिअरबॉक्स जळगावला पाठवला. खरोखरचा नवा. इतक्या वेळा गाडी मोडली तेव्हा यांच्या कोठीत नवा नव्हता. स्वतःची अब्रू झाकायची वेळ आली तेव्हा एका फेरीसाठी निघाला.

गाडी न्यायच्या दिवशी शेठ म्हणाले, “पितांबरले बोलावू का?”

सुगंधाबाईंनी खिळ्यावरची किल्ली काढून घेतली. शेठ शेजारी येऊन बसले.

पहिला टाकला तेव्हाच त्यांना कळलं. मूठ आपणहून जागेवर गेली, लोण्यात सुरी जावी तशी. दुसरा. तिसरा. तिसरा सुटला नाही. बांभोरीच्या पुलावर चौथा टाकला आणि गाडी अशी निघाली की त्यांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली. ही गाडी अशी होती तर! आपण इतके दिवस जिला माया लावली ती तर लंगडीच होती, धड गाडी आज कुठे हाताला लागली. एरंडोल गेलं. कापसाची शेतं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती. शेठ खिडकीबाहेर बघत होते.

पारोळा ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, “आते चांगली चालनी. आपण ठेवूत का?”

“मी शब्द दियेल शे.”

“शब्द त्यासनी पाळा का? गाडीमा खोट व्हती, ती निंघी गई. मना हातमा नव्हती, ते तुम्हीबी देखं.”

“देखं,” शेठ म्हणाले.

“मंग?”

शेठनी आपल्या बाजूची काच वर केली. मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, “लोके माले क्लीनर म्हणतस.”

सुगंधाबाईंचा पाय क्षणभर सैल पडला. गाडी जरा मंदावली. म्हणजे साहेबांचं खोटं यांना पटलं होतं असं नाही. यांना ते हवं होतं. मुंबईहून आलेल्या माणसाने यांच्या मनातलंच बोलून दाखवलं होतं. गिअरबॉक्स मोडत होता तेव्हा हा माणूस आतून सुखावत होता, आणि आता तो मोडेनासा झाला म्हणून गाडी परत चालली होती. त्यांना वाटलं, कंपनीला निदान विकायची तरी पडली होती. याला काय पडली होती?

त्यांनी पाय दाबला. समोरून येणाऱ्या ट्रकला व्यवस्थित बाजू दिली आणि धुळ्यापर्यंत गाडी अशी नेली, की शेठना एकदाही कुठे धरून बसावं लागलं नाही.

शोरूमच्या दारात त्यांनी गाडी मागे घेऊन दोन नव्या गाड्यांच्या मधल्या फटीत उभी केली. कोणी “आने दो” म्हणायला नव्हतं. किल्ली जीवरामशेठच्या हातात दिली. साहेब त्या दिवशी आले नव्हते. शेठनी सह्या केल्या. गाडी त्यांच्या नावावर होती. सुगंधाबाईंची सही कुठे लागली नाही. गोणपाटातला गिअरबॉक्स दोघांनी मिळून रिक्षात घातला, स्टँडवर आणला आणि जळगावच्या एसटीत चढवला. टपावर टाकू द्यायला सुगंधाबाई तयार नव्हत्या. त्यांनी तो आपल्या पायांपाशी ठेवून घेतला.

“काय शे हाई, मावशी?” कंडक्टरने बुटाने गोणपाट ढोसत विचारलं. “सामानचं तिकीट लागी.”

“पाय काढ,” त्या म्हणाल्या. “घरनं भांडं शे. नाव शे त्यावर.”

कंडक्टरने पाय काढला.

गाडी सुटली. त्या पुढच्याच सीटवर होत्या, तिथून ड्रायव्हरचा डावा हात दिसत होता. स्टँडच्या बाहेर पडताना त्याने पहिला टाकला, मग दुसरा. पारोळा रोडला लागल्यावर तिसरा. गावं येत होती, जात होती, लोक चढत-उतरत होते. शेठची मान कलली होती, मग जाग आली. त्यांनी सहज बाजूला पाहिलं. सुगंधाबाई सरळ समोर रस्त्याकडे बघत होत्या. मांडीवर त्यांचा डावा हात होता, अर्धी मूठ वळलेला. इंजिनाचा आवाज चढला, की तो हात ड्रायव्हरच्या हाताच्या किंचित आधी हलायचा. खाली यायचा, बाजूला व्हायचा, वर जायचा आणि थांबायचा.

शेठ थोडा वेळ बघत राहिले.

“हात दुखस का?” त्यांनी विचारलं.

“नही,” सुगंधाबाई म्हणाल्या. पुढे एरंडोलचा चढ होता. त्यांनी तिसरा टाकला.